तिसरा नमुना

“आला का गं निकाल?”

आतल्या खोलीतून आईने विचारलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या असलेल्या थोरलीने हातातला फोन डोळ्यांजवळ धरला. पडद्यावर डीएनए तपासणीच्या मोजून तीन ओळी होत्या. पहिला नमुना आणि दुसरा नमुना, म्हणजे आई आणि थोरली : नातं माय-लेकीचं. पहिला आणि तिसरा : नातं आढळलं नाही. दुसरा आणि तिसरा : नातं आढळलं नाही.

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात तिचा जन्म गेला होता; समोरचं धूसर दिसलं की आधी काच पुसायची हाताला सवय. तिने रुमालाने फोनची काच पुसली. अक्षरं होती तशीच राहिली.

आणि आत आई हसत होती! ओठांत टाचण्या धरलेल्या असतानाही हसत होती. समोर बेकरीतली पाववाली, तो तिसरा नमुना, दोन्ही हात पसरून उभी होती आणि आई तिच्या अंगावर कपाटातला एकेक कपडा लावून बघत होती... ज्या कपाटाला थोरलीने आजवर कधी बोटही लावलं नव्हतं, त्या कपाटातला.

ते कपाट चिमीचं होतं. चिमी म्हणजे धाकटी. दोघी बहिणी लहान असताना आईने एका सकाळी त्यांना दोरा आणि बटणं आणायला बाजारात पाठवलं होतं. थोरलीच्या डाव्या हातात चिमीचा हात होता. दुकानदाराने बटणांची पुडी पुढे केली, ती घ्यायला थोरलीने तो हात क्षणभर सोडला... आणि पुडी घेऊन ती वळली, तेव्हा शेजारी कुणीच नव्हतं. चिमी त्या गर्दीत अशी विरून गेली, जशी पाण्यात साखर! बाबांनी गावं पालथी घातली, चौक्यांचे उंबरठे झिजवले आणि शेवटी त्या दुःखातच ते गेले. आईने शोधायला पाय उचलला नाही; ती शिवणयंत्रासमोर बसली ती बसलीच. लोकांचे कपडे शिवता शिवता दर वर्षी चिमीच्या वाढदिवसाला ती एक नवा कपडा शिवायची, गेल्या वर्षीपेक्षा जरा मोठ्या मापाचा. फ्रॉकचे झगे झाले, झग्यांचे बायकी कपडे झाले, आणि न वापरलेल्या त्या कपड्यांत एक न दिसणारी मुलगी त्या घरात हळूहळू वाढत गेली.

थोरलीला आई कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं! ती फक्त थोरलीकडे बघेनाशी झाली. ताट वाढायची, ताप आला तर औषध द्यायची. पण केसांवरून हात म्हणून फिरवला नाही. जेवताना, झोपताना, अचानक कधीतरी थोरलीच्या डाव्या तळव्याला एक लहानसा, घामेजलेला हात जाणवायचा, आणि मूठ मिटली की नाहीसा व्हायचा. शेजारच्या दुकानातला घड्याळजी, भला माणूस, तिच्यासाठी कित्येक वर्षं थांबला आणि शेवटी थकून दुसरीकडे संसाराला लागला. “आईला सोडून कशी येऊ?” एवढंच ती त्याला म्हणाली होती. आईला मात्र हे कधी कळलंही नाही, असंच ती धरून चालली होती.

मग थोरलीनेच एकदा वर्तमानपत्रात छापायला दिलं : लहानपणी हरवलेल्या बहिणीचा शोध. ते पान फिरत फिरत एका बेकरीत पाव बांधायला गेलं आणि ते बांधता बांधता एका बाईने वाचलं. ही बाई तशाच वयात, तशाच एका बाजारामागच्या बसथांब्यावर रडत सापडलेली होती आणि अनाथाश्रमात वाढली होती. ती आली, दारात उभी राहिली, आणि आईच्या तोंडून शब्द फुटायच्या आधी आईचे डोळे वाहू लागले.

पण पाववाली मोठी सरळ मनाची. “आधी पक्कं करून घेऊ,” ती म्हणाली. “मागे दोन घरांनी मला मुलगी म्हणून जेवू घातलं आणि मग नाही म्हणून परत पाठवलं. आता मला ते झेपायचं नाही. ती घरच्या घरी करायची डीएनए टेस्ट मिळते ना, ती मागवा.”

खोकं टपालाने आलं. तिघींनी जेवणाच्या टेबलाशी बसून गालांच्या आतून काड्या फिरवल्या, नळ्यांत घातल्या, नळ्यांवर आकडे चिकटवले. “तपासणीत मी डबलरोटीची चुलत बहीण निघाले नाही म्हणजे मिळवलं!” पाववाली म्हणाली, आणि आई खुदकन हसली. थोरलीने चमकून बघितलं. आईला हसताना एक खळी पडते हे ती विसरूनच गेली होती.

“माझा काही ईमेल-बिमेल नाही,” पाववालीने सांगितलं होतं. “निकाल तुझ्याच फोनवर येऊ दे. तू बघ आणि मला सांग. तू सांगशील ते खरं.”

तू सांगशील ते खरं!

“अगं, आला का?” आईने पुन्हा विचारलं.

थोरली खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. दोघी तिच्याकडे बघत होत्या. आईच्या त्या म्हाताऱ्या, सुरकुतलेल्या चेहऱ्यावर अशी काही व्याकूळ आशा होती की तिच्यावर घाव घालणारा हात जळून जावा...! थोरलीने तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

“हो आई... आपली चिमीच आहे ही.”

पाववाली मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. आई तिच्याजवळ गेली नाही. ती उभ्या जागी थोरलीकडे बघत राहिली, कितीतरी वेळ, विचित्र नजरेने. मग पलंगावर बसली आणि तिने हात पुढे केला... थोरलीकडे! थोरली धावतच गेली. तिने आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि आईची बोटं तिच्या केसांतून फिरू लागली. इतक्या वर्षांनी! त्या एका स्पर्शासाठी आपण दहा वेळा खोटं बोललो असतो, असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि त्या वाटण्याचीच तिला भीती वाटली.

फोनवर शेवटी एक प्रश्न उरला होता : पुढे कधी या नमुन्यांशी जुळणारे नवे नातेवाईक सापडले, तर कळवायचं का? उद्या खरंच कुणी जुळलं आणि त्याचा निरोप आईसमोर फोनवर वाजला, तर? थोरलीने ‘नको’वर बोट ठेवलं.

घर बदललं. पाववाली रोज दुपारी बेकरीतलं काम उरकून ऊन ऊन पाव घेऊन यायची, आईला “आई” म्हणायची, “तू” म्हणायची, यंत्राला तेल घालायची, शेजारणींच्या नकला करायची. कपाट रिकामं झालं. आईने वाढदिवसाचा कपडा शिवायचं सोडलं. ज्या घरात वर्षानुवर्षं कुजबुज म्हणून नव्हती, तिथे आता हसणं ऐकून रस्त्यावरचे लोक मान वर करून बघत.

पण थोरली...? तिला वाटलं होतं, आता तळव्यातला तो लहानसा हात यायचा थांबेल. तो थांबला नाही. आता तो नुसता जाणवत नव्हता, बोटं धरून ओढत होता. कारण आता चिमीला शोधणारं या जगात कुणीही उरलं नव्हतं. आई वाट बघत होती तोवर निदान एक दार तरी तिच्यासाठी उघडं होतं. ते आपण आपल्या हाताने लावून घेतलं. बाजारात सुटला तो हात चुकून सुटला होता. या वेळी तो आपण जाणूनबुजून सोडला!

एकदा दुपारी आई आणि पाववाली आत गप्पा मारत असताना जिन्यात इवली इवली पावलं वाजली. थोरलीने दार उघडलं. जिना रिकामा होता. तिने खालपर्यंत जाऊन बघितलं, वर येऊन बघितलं. “कोण होतं गं?” आईने विचारलं. “कुणी नाही,” ती म्हणाली आणि आपल्याच शब्दांनी तिच्या अंगावर काटा आला.

दुकानात तर कामच सुचेना. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ती एकेक काच धरायची, “आता कसं दिसतंय?” विचारायची, आणि काचेपलीकडची बाई चिमीच्या वयाची असली की काच विसरून तिचा चेहराच न्याहाळायची. ही असेल का? हिची हनुवटी आईसारखी नाही? एका बाईच्या मागे तर ती दुकान टाकून चालत सुटली, रस्ता ओलांडून, दुसऱ्या गल्लीत, तिसऱ्या गल्लीत. शेवटी ती बाईच वळली आणि घाबरून म्हणाली, “काय हवंय तुम्हाला? मी तुम्हाला ओळखत नाही.”

“मीही नाही ओळखत,” थोरली म्हणाली, आणि भररस्त्यात उभी राहून रडली.

अशात आई यंत्रावरून उठता उठता कोसळली. हृदयाचं दुखणं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, पण हृदय फार थकलंय, आता जेवढे दिवस मिळतील तेवढे आपले. पाववाली रडून रडून बेजार झाली. तिला थोरलीने रात्रीच विश्रांतीला घरी पाठवलं आणि स्वतः एकटी आईच्या खाटेशी बसून राहिली. खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन आईच्या पांघरुणावर आलं होतं.

“एक विचारू?” आई डोळे मिटूनच म्हणाली. “ती आपली नाही ना गं?”

थोरलीने आईचं पांघरूण उगाच सारखं केलं.

“आई, काहीतरीच काय! निकाल...”

“निकाल राहू दे. मला निकालाच्या आधीच कळलं होतं, पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा; तरी वेडी आशा सुटत नव्हती. आपल्या चिमीचा डावा खांदा उतरता होता. तिचा प्रत्येक कपडा मी त्या बाजूला जरा उतरता कापलाय. हिचे खांदे सरळ आहेत. आणि मुलीचे खांदे मी विसरेन होय?”

“मग तू बोलली का नाहीस?”

“बोलणारच होते. पण तू दारात येऊन ‘हो’ म्हणालीस. तुझा चेहरा बघितला आणि समजलं, ही पोर माझ्यासाठी खोटं बोलतेय. आणि मग तू माझ्या मांडीवर डोकं ठेवलंस... तुला जवळ घ्यायला मी इतकी वर्षं काहीतरी निमित्त शोधत होते गं. सापडत नव्हतं. उशीर झाला की मायेलाही निमित्त लागतं. ते त्या दिवशी मिळालं. खोटं तर खोटं! मग मी कशाला सोडू?”

“आई... हात मी सोडला होता गं तिचा! मी सोडला!”

“नाही!” आईने डोळे उघडले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. “तू एवढीशी, ती त्याहून एवढीशी. दोघींना बाजारात धाडणारी मी. ते मला त्याच दिवशी कळत होतं. पण दुःखाला धरायला कुणीतरी लागतं, आणि तू हाताशी होतीस... तुझा संसार गेला, तरुणपण गेलं. तो घड्याळवाला का थांबला होता, ते मला दिसत नव्हतं असं वाटतं तुला? मी दिसू दिलं नाही स्वतःला. एक मुलगी बाजारात हरवली, दुसरी मी घरात हरवली!”

थोरली त्या खाटेच्या लोखंडी कडेवर कपाळ टेकून रडत राहिली. आईने तिला रडू दिलं. मग हळूच म्हणाली, “आता हिला खरं सांग.”

“हिला? आई, कसं सांगू? ती मोडून पडेल.”

“पडू दे. हिचीही कुठेतरी आई असेल ना... माझ्यासारखी, दाराकडे डोळे लावून बसलेली.”

थोरलीला वीज पडल्यासारखं झालं. आपण चिमीसाठी झुरलो, आईसाठी झुरलो, पण तिसऱ्या नमुन्यालाही एखादी आई असेल, हे आपल्या मनाला एकदाही शिवलं नाही? तिने तिथेच फोन काढला, तो जुना प्रश्न शोधला आणि तिन्ही नमुन्यांपुढे ‘हो’ केलं. मग ती बेकरीत गेली.

पाववाली कोपरापर्यंत पिठात होती. “आई बरी आहे ना?” तिने धसकून विचारलं.

“बरी आहे. मला तुला काहीतरी सांगायचंय... तुझा नमुना जुळला नव्हता. आमच्या कुणाशीच. मी खोटं बोलले.”

पाववालीचे हात कणकेत रुतले तसेच राहिले. भट्टीची धग दोघींच्या तोंडावर येत होती. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे मी परत कुणाचीच नाही.”

“तसं नाही गं...”

“कसं नाही? मी तुला म्हटलं होतं, तू सांगशील ते खरं! आईसाठी केलंस, तुझ्यासाठी केलंस. माझ्यासाठी काय केलंस? माझ्या आईने तिकडे कुठेतरी आपला नमुना पाठवला असेल आणि ती रोज फोन उघडून बघत असेल तर? मी शोधणं थांबवलं... तुझ्या एका शब्दावर थांबवलं! भुकेलेल्याला चित्रातला पाव दाखवतात तसं केलंस तू.”

“कुणी नातेवाईक जुळले तर कळवायचं का म्हणून फोनवर विचारलं होतं, तिथे मी ‘नको’ म्हटलं होतं. आज ‘हो’ केलंय,” एवढंच थोरली म्हणू शकली. “तुझ्या नावापुढे पण.”

“जा इथून,” पाववाली पाठ फिरवत म्हणाली. “माझे पाव करपतील.”

त्यानंतर ती आली नाही. आई रोज भेटीच्या वेळी दाराकडे बघायची आणि काही विचारायची नाही. थोरली आईचे केस विंचरायची, तिला भरवायची. माय-लेकी इतक्या वर्षांचं न बोललेलं थोडं थोडं बोलत होत्या, आणि बोलता बोलता दोघीही मधेच गप्प होत होत्या. घरातून कुणी उठून गेलं की जशी त्याची जागा बोलते, तसं ते गप्प होणं होतं.

एका संध्याकाळी थोरली पाणी भरून परत येत होती, तर वॉर्डाच्या दाराशी नर्स कुणालातरी अडवून उभी होती.

“पेशंटच्या कोण तुम्ही?”

पाववालीने कागदाची पिशवी छातीशी घट्ट धरली. “कुणी नाही,” ती म्हणाली. “ओळखीची आहे.”

“मग नाही सोडता येणार. फक्त घरच्या माणसांना परवानगी आहे.”

पाववाली वळली आणि समोर थोरली दिसली. थोरलीच्या ओठांवर ‘बहीण’ हा शब्द आला होता. पण तो शब्द एकदा खोटेपणाने वापरून झाला होता. तो तिने गिळला.

“सिस्टर, घरच्याच आहेत त्या,” ती म्हणाली.

पाववाली तिच्याजवळून जाताना पुटपुटली, “तुझ्याशी मी अजून बोलत नाहीये.”

“नको बोलूस. आत ये फक्त.”

आईने तिला बघितलं आणि उठून बसायची धडपड केली. पाववाली खाटेपासून जरा लांबच उभी राहिली, परक्या घरी उभं राहावं तशी.

“कशा आहात तुम्ही?”

‘तुम्ही’ ऐकून आईचा चेहरा असा झाला की थोरलीने मान दुसरीकडे वळवली.

“बरी आहे,” आई म्हणाली. “ये ना. बस इथे.”

“मला चिमी म्हणू नका आता.”

“नाही म्हणणार. ते नाव तिचं. ती आली कधी तर तिला लागेल...” आईला धाप लागली, तिने थोडा दम खाल्ला. “अगं, पण तुझं नाव काय? इतके दिवस माझ्या घरी आलीस, माझं दुखलंखुपलं बघितलंस... तुला तुझं नाव मी एकदाही विचारलं नाही!”

पाववालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने खाली बघत आपलं नाव सांगितलं. “अनाथाश्रमातल्या स्वयंपाकीणबाईंनी ठेवलंय. त्यांच्या आईचं होतं म्हणे.”

आईने ते नाव हळूच उच्चारलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, जिभेवर बसवून घेत असल्यासारखं. “छान आहे,” ती म्हणाली. “तुझी आई सापडेपर्यंत मी याच नावाने हाक मारेन. सापडली की तिला सांग, एका बाईने तिची मुलगी थोडे दिवस सांभाळली... नाही, मुलीनेच त्या बाईला सांभाळलं.”

बोलून बोलून आई थकली होती. तिचा हात पांघरुणावर नुसता पडून होता. थोरली पुढे झाली नाही. आज पहिल्यांदाच तिला पुढे व्हायची घाई नव्हती. पाववालीने पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली, तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि उशी सरळ करता करता नकळत तिच्या तोंडून निघून गेलं :

“किती बोलतेस गं आई... तू झोप बघू आता.”